जर्मनीत बँक खातं अडकलंय? पत्रपेटीपासून सुरुवात करा

सप्टेंबर संपत आला की रात्री साडेदहाच्या सुमाराला माझा फोन वाजायला लागतो. तिकडे जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात, पोरं खोलीवर आलेली असतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काकू, बँकेनं परत नको म्हटलंय ओ.’

मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी खाती उघडण्याच्या टेबलावर. २०१७ साली माझी मुलगी शिकायला जर्मनीला गेली आणि तिचं खातं पाच आठवडे अडकलं. ते सोडवताना जे कळलं ते तिच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं तिच्या भावाला, आणि तिथून राजारामपुरी, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज असं पसरत गेलं. आता पन्नासच्या वर पोरांची खाती हाताखालून गेली आहेत. बिघाड मात्र तेच पाच-सहा. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते. आईवडिलांनीही वाचावं, कारण निम्मी धावपळ इथून, निघण्याआधीच वाचवता येते.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ओळखा.

खातं उघडताना बँकेच्या व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवला आणि मिनिटभरातच ‘ओळख पटवता आली नाही’ म्हणून कॉल बंद झाला. किंवा अर्ज मंजूर झाला, ‘कार्ड पाठवलंय’ असा मेलही आला, पण तीन आठवडे झाले तरी पाकीट नाही. किंवा बँक म्हणते आधी पत्त्याची नोंद आणा, नोंदणी कार्यालयाची तारीख पुढच्या महिन्यातली, आणि घरमालक म्हणतो भाडं जर्मन खात्यातूनच पाहिजे. काहींना नुसती एक ओळ येते, ‘आपला अर्ज स्वीकारता येत नाही’, कारण दिलेलं नसतं. काहींचं खातं उघडतं, पण भारतातून भरलेले पैसे त्यात येतच नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालू खातं अचानक गोठवलं जातं. तुमचं लक्षण हे शेवटचं असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा. त्यात स्वतः काही करायला जायचं नसतं.

एक गोंधळ मात्र सुरुवातीलाच दूर करते. पालक मला हमखास विचारतात, ‘अहो, खातं तर आम्ही इथूनच उघडलंय की! पैसेपण भरलेत.’ ते खातं म्हणजे श्पेरकोंटो, कुलूपबंद खातं. व्हिसासाठी वर्षाचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवायला ते लागतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्यासाठी ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. रक्कम बदलत असते, भरण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजी बघून घ्या. पण त्या खात्यातून थेट दूधही विकत घेता येत नाही. त्यातून दर महिन्याला हप्ता सुटतो, आणि तो पडायला मुलाच्या स्वतःच्या नावाचं रोजच्या व्यवहाराचं खातं लागतं. त्याला म्हणतात गीरोकोंटो. अडकतं ते हे दुसरं. ते अडकलं की पहिल्यातले बारा-तेरा लाख नुसते दिसतात, हाताला लागत नाहीत.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या दोन फुकट आहेत आणि त्यातच अर्ध्याहून जास्त पोरांचं काम झालेलं मी पाहिलंय.

पत्रपेटीवर तुमचं नाव आहे का?

कार्ड आलं नाही म्हणून बँकेला फोन करण्याआधी खाली उतरा आणि पत्रपेटी बघा.

आपल्याकडे ‘पाटलांचा मधला, तालमीच्या मागं’ एवढ्यावर पत्र पोचतं. पोस्टमन घराण्याला ओळखतो. जर्मनीत पोस्टमन फक्त पेटीवरचं नाव वाचतो. खोली क्रमांक बहुतेक ठिकाणी पत्त्यात नसतोच. इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचं आडनाव, एवढ्यावरच पत्र चालतं. आडनाव सापडलं नाही की पाकीट परत. कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. दोन्ही परत गेली की बँकेला वाटतं, या पत्त्यावर असा माणूसच राहत नाही. मग ती खातं थांबवते किंवा अर्ज रद्द करते. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्यांचा मुलगा धातूंचं शिकायला फ्रायबर्गला गेला. तिथं १७६५ सालापासून खाणी आणि धातूंचं विद्यापीठ आहे. ओतकामाच्या घरातलं पोर तिथं पोचलं याचा मला फार आनंद झाला होता. महिना झाला तरी कार्ड नाही. मी म्हटलं, फोन घेऊन खाली जा आणि मला पेटी दाखव. करड्या पत्र्याच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर काचेमागं छापील पट्टी. त्याच्या पेटीवर आधीच्या दोन भाडेकरूंची नावं, याचं नावच नाही. रविवार होता, दुकानं बंद. त्याच्या आईनं औषधांच्या डब्यात जखमेवर लावायची चिकटपट्टी दिली होती, तिचा तुकडा कापून त्यानं पेनानं आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बँकेला कार्ड पुन्हा पाठवायला सांगितलं. चार दिवसांत पाकीट आलं.

तेव्हा खोलीत पाऊल ठेवलं त्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर, दोन्हीकडे आडनाव लावा. छापील पट्टी नंतर लावता येते. दुसऱ्याच्या खोलीत तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली ‘सी-ओ’ (c/o, म्हणजे केअर ऑफ) लिहून पेटीवर ज्याचं आडनाव आहे ते घाला, आणि अर्जातही तसंच लिहा.

नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का?

इथं जरा जास्त वेळ थांबते, कारण आपल्या मराठी नावांचा सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो.

पासपोर्टचं फोटोचं पान उघडा. अगदी खाली ठळक अक्षरांच्या दोन ओळी असतात, मधेमधे बाणाच्या टोकासारख्या खुणा. त्या ओळी यंत्रासाठी आहेत, आणि बँकेच्या लेखी तुमचं नाव तेच. पहिल्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आडनाव येतं, मग दोन खुणा जोडून, मग तुमचं नाव, एक खूण आणि वडिलांचं नाव. म्हणजे जर्मन माणसाच्या हिशोबानं तुमचं आडनाव एक, आणि पहिली नावं दोन: तुमचं आणि बाबांचं.

आपली पोरं अर्ज भरताना मधलं नाव कुठं घालायचं ते शोधतात. तसा रकाना तिथं सहसा नसतोच. म्हणून वडिलांचं नाव सोडून देतात. मग बँकेच्या अर्जावर दोन शब्द, पासपोर्टवर तीन, विद्यापीठाच्या दाखल्यावर कधी दोन कधी तीन, आणि भाडेकरारावर घरमालकानं मेलमध्ये वाचलं असेल ते. समोरचा कारकून दोन कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवतो. तुमचे मार्क किती, घरची परिस्थिती कशी, हे त्याला दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. जुळलं तर पुढे, नाही तर बाजूला. मी सव्वीस वर्षं तेच केलं. त्यात वैर नसतं. सही शेवटी त्याची असते, आणि चूक निघाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

म्हणून नियम एकच: ‘फोरनामे’ म्हणजे पहिलं नाव या रकान्यात तुमचं आणि वडिलांचं, दोन्ही नावं पासपोर्टसारखी. ‘नाखनामे’ म्हणजे आडनाव या रकान्यात फक्त आडनाव. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच. चव्हाणमध्ये कुणी एक ‘एच’ लिहितं, कुणी दोन. कांबळेमध्ये मधला ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. घरात भावाचं वेगळं, बहिणीचं वेगळं असलं तरी इथं चालून जातं. तिथं नाही.

विद्यापीठाच्या दाखल्यावर नाव वेगळं असेल तर तो आधी बदलून घ्या. प्रवेश कक्षाला पासपोर्टची प्रत जोडून एक मेल पुरते, खर्च काही नसतो. बँकेला ‘तो मीच आहे’ हे समजावत बसण्यापेक्षा कागद दुरुस्त करणं कितीतरी सोपं.

दोन गोष्टी मात्र इथूनच करून जा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सगळं नाव एकाच ओळीत आहे, त्यांनी निघण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. तिकडे गेल्यावर हेच काम वकिलातीमार्फत करावं लागतं, आणि सेमिस्टर सुरू असताना ते फार जड जातं. आणि लग्न ठरलेल्या मुलींनी सगळे कागद एकाच नावावर ठेवावेत. व्हिसा माहेरच्या नावाचा आणि दाखला सासरच्या नावाचा, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा महिना गेला.

अर्जातली कराची खूण

हे लहान आहे, पण सही करून दिलेली कबुली असते म्हणून सांभाळून. अर्जात विचारतात, तुम्ही कर कुठल्या देशात भरता. पोरं घाईत काहीही टिचकवतात. अमेरिकेशी संबंध आहे का, या प्रश्नालाही एकानं ‘हो’ केलं होतं, कारण मामा शिकागोला! प्रश्न तुमचा आहे, मामांचा नाही.

जर्मनीत खोली घेऊन राहायला आलात तर जर्मनी येणारच. भारतातही करदाते असाल तर भारत, आणि तिथं कर क्रमांक म्हणून तुमचा पॅन. दोन्हीबद्दल शंका असेल तर अंदाजानं खूण करू नका, शाखेत विचारून करा. जर्मन कर क्रमांक, ‘श्टोयर-आयडी’, अकरा आकड्यांचा असतो आणि पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांनी आपोआप पोस्टानं येतो. (म्हणजे पुन्हा पत्रपेटी!) तो नाही म्हणून अर्ज थांबवायचं कारण नाही, ‘नंतर देतो’ असं सांगता येतं. आला की मात्र आठवणीनं द्या.

मोबाइल नंबरही बघा. बँकेचं ॲप ज्या नंबरवर संकेत पाठवतं तो चालू हवा. भारतीय नंबरवर संदेश येतोच असं नाही. तिकडचं प्रीपेड सिम आधी घ्या. २०१७ पासून त्यालाही ओळख पटवावी लागते, त्यामुळे एक दिवस धरून चाला. आणि भारतातलं सिम बंद करू नका, इथल्या खात्याचे ओटीपी त्यावरच येतात.

व्हिडिओवर नाही जमलं तर पोस्टात जा

व्हिडिओ कॉल मिनिटभरात तुटत असेल तर दोष तुमच्या इंग्रजीचा नाही, नेटचाही बहुधा नाही. कॉलवरचा माणूस पासपोर्ट उजेडात तिरका करायला लावतो आणि त्यावरच्या सुरक्षेच्या खुणा कॅमेऱ्यात दिसतात का ते बघतो. अनेक बँकांच्या व्हिडिओ पडताळणीत भारतीय पासपोर्ट चालणाऱ्या यादीतच नसतो. मग तुम्ही टेबललॅम्प लावा, खिडकीत बसा, दहा वेळा करा, उत्तर तेच येणार. एका पोरानं रात्री अकरापर्यंत सहा वेळा केलं आणि रडकुंडीला येऊन मला फोन केला. अर्ज भरण्याआधी त्या बँकेच्या यादीत भारत आहे का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नसेल तर ‘पोस्टआयडेंट’ असा पर्याय आहे का ते बघा. बँक एक कागद देते, तो छापून मूळ पासपोर्ट घेऊन जवळच्या पोस्टात जायचं. तिथला कर्मचारी प्रत्यक्ष पासपोर्ट बघून माहिती भरतो आणि बँकेला कळवतो. पैसे लागत नाहीत. फक्त एक करा: सही करण्याआधी त्यानं काय टाइप केलंय ते वाचा. मराठी नाव ऐकून नव्हे, बघून टाइप करतात, तरी घाईत नाव आणि आडनाव उलटसुलट होतं. तिथंच नम्रपणे बोट ठेवून दाखवा.

याच ठिकाणी एक सापळा आहे आणि तो मला फार बोचतो, कारण यात हुशार, कष्टाळू पोरंच सापडतात. अर्धवेळ कामाची जाहिरात येते: घरबसल्या ॲप तपासा, पैसे मिळवा. पहिलं काम म्हणून तुम्हाला व्हिडिओवर किंवा पोस्टात ओळख पटवायला सांगतात, ‘ही फक्त चाचणी आहे’ म्हणून. ती चाचणी नसते. तुमच्या नावानं खरं खातं उघडतं आणि ते चोरांच्या हातात जातं. ओळख पटवणं म्हणजे सही करणं. ज्या बँकेत तुम्ही स्वतः अर्ज केला नाही, तिच्यासाठी कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून पासपोर्ट दाखवू नका.

आनमेल्डुंग

इथून पुढे वेळ जास्त लागतो. आनमेल्डुंग म्हणजे गावच्या कार्यालयात आपल्या पत्त्याची नोंद. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करावी असा तिथला कायदा आहे, आणि बहुतेक बँकांना त्याचाच कागद लागतो. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकानं दिलेला राहण्याचा दाखला, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. नुसता भाडेकरार चालत नाही, पोरं तोच घेऊन जातात आणि परत येतात. वसतिगृहात असाल तर त्यांचं ऑफिस हा दाखला देतं, फक्त मागावा लागतो.

घरमालक दाखला द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याचा अर्थ नीट समजून घ्या. २०१५ पासून हा दाखला देणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. देत नसेल तर एक तर तो खोली परस्पर भाड्यानं देतोय, किंवा खोली त्याची नाहीच. अशा ठिकाणी पुढचं भाडं भरण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात जाऊन बोला. आणि खोली न बघता, किल्ली हातात न घेता अनामत कधी पाठवू नका. कायद्यानं अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तारीख मिळत नाही ही दुसरी अडचण. तिकडे तिला ‘टर्मिन’ म्हणतात आणि तिच्याशिवाय पान हलत नाही. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमाराला रद्द झालेल्या तारखा दिसतात, तेव्हा बघा. बर्लिन, हँबुर्गसारख्या शहरात शहरातलं कुठलंही कार्यालय चालतं, घराजवळचंच पाहिजे असं नाही. तारीख दोन आठवड्यांपुढची मिळाली तर तिची पावती जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला. शक्य असेल तर तारीख कोल्हापुरातून निघण्याआधीच घेऊन ठेवा. खोली पक्की झाली त्याच रात्री. माझ्या मते संपूर्ण यादीत याच्याइतकं फळ देणारं काम दुसरं नाही.

बँक बदलून बघा

‘पत्ता नोंदवल्याशिवाय खातं नाही’ हा सगळ्या बँकांचा नियम नाही. काही बँका पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा, विद्यापीठाचा दाखला आणि वसतिगृहाचा करार बघून खातं उघडतात आणि नोंदीचा कागद नंतर द्या म्हणतात. कधी एका शाखेत जमत नाही ते दुसऱ्या शाखेत जमतं. म्हणून नेटवर नकार आला की गावातल्या शाखेत प्रत्यक्ष जा. स्पार्कासे या गावोगावच्या बचत बँका, आणि फोल्क्सबांक, राइफआयझनबांक या सहकारी बँका. लहान विद्यापीठांच्या गावात त्यांच्या टेबलावरच्या माणसानं दर ऑक्टोबरला परदेशी विद्यार्थी पाहिलेले असतात.

फोल्क्सबांक म्हटलं की मला आपलेपणा वाटतो. राइफआयझन आणि शुल्झ-डेलिच या दोन जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात गावातल्या लोकांचीच पतसंस्था ही रीत उभी केली, आणि आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच धर्तीवर आला. ज्या पद्धतीनं माझं घर चाललं तिचं मूळ तिकडचं. तिथल्या शाखेत जाताना पोरांनी बुजू नये असं मी मनापासून सांगते.

सकाळी जा, सगळे मूळ कागद आणि एकेक प्रत घेऊन. ‘इष म्योष्टे आइन गीरोकोंटो एरोफ्नेन’, मला खातं उघडायचंय, एवढं एक वाक्य जर्मनमध्ये म्हणा, मग इंग्रजी चालेल का विचारा. विद्यार्थ्यांसाठी बिनखर्चाचं खातं कुठल्या वयापर्यंत आहे ते विचारा. आणि आपण होऊन सांगा की उधारीची सोय, ज्याला तिकडे ‘डिस्पो’ म्हणतात, ती नको. नव्यानं आलेल्या माणसाची ‘शूफा’कडे, म्हणजे तिथल्या पतनोंद संस्थेकडे, काहीच नोंद नसते. उधारी मागितली नाही की बँकेची अर्धी काळजी मिटते.

एकाच आठवड्यात पाच बँकांना अर्ज मात्र टाकू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी खातं उघडून बसतं, एकाचा पिन दुसऱ्याच्या कार्डाबरोबर जातो, आणि पुढचा हक्काचा मार्गही बंद होतो. तो कसा ते सांगते.

बाझिसकोंटो: हक्काचं खातं

हे पोरांना कुणी सांगत नाही. २०१६ च्या जूनपासून जर्मनीत कायदा आहे की युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला साधं खातं मिळालं पाहिजे, अगदी घर नसलेल्यालाही. त्याला ‘बाझिसकोंटो’ म्हणतात. पैसे भरणं, काढणं, पाठवणं, कार्ड, एवढं त्यात मिळतं. सामान्य ग्राहकांची खाती उघडणाऱ्या बँकेला पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ते द्यावं लागतं, किंवा नकार कळवावा लागतो. आणि नकाराची कारणं कायद्यातच मोजून दिलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे तुमचं जर्मनीत आधीच दुसरं चालू खातं असणं. म्हणून वर म्हटलं, पाच अर्ज नकोत.

अर्जाचा ठरलेला नमुना असतो, शाखेत मागा. भरून दिल्यावर एक प्रत तारखेसह स्वतःकडे ठेवा. कामाचे दहा दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत, तोंडी बोलण्याला मोजमाप नाही. या खात्याला बहुतेक ठिकाणी महिन्याचं शुल्क पडतं, विद्यार्थी खात्यासारखं ते सहसा फुकट नसतं. म्हणूनच ते यादीत एवढं खाली ठेवलंय. पण भाडं थकलंय, आरोग्य विम्याचा हप्ता थकलाय, अशा वेळी काही युरो गेले तर जाऊ द्यावेत.

खातं आहे, पण हप्ता येत नाही

गीरोकोंटो उघडलं आणि श्पेरकोंटोतून पैसे येईनात, तर आधी आयबॅन, म्हणजे तिकडचा खाते क्रमांक, मोजा. जर्मन आयबॅन ‘डीई’ने सुरू होतो आणि एकूण बावीस अक्षरं-अंकांचा असतो. एक आकडा कमी-जास्त झाला तर तो स्वीकारलाच जात नाही. मग बघा, खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर आहे ना, आणि दोन्हीकडे नाव तेच आहे ना. श्पेरकोंटोवाले साधारणपणे पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याची नोंद मागतात. ते कागद चढवायचे राहिले म्हणून पैसे थांबलेले मी खूपदा पाहिलंय. इथून आईबाबांनी बँकेला फोन करून काही होत नाही, खातेदार मुलगा आहे.

मधल्या काळासाठी फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख असे निदान सहा आठवड्यांचे पैसे वेगळे ठेवून जा. मित्राच्या खात्यात पैसे मागवू नका आणि आपल्या खात्यात मित्राचे घेऊ नका, मित्र कागलचा असला तरी. बँकेला त्यात मैत्री दिसत नाही, फक्त कुणाचे पैसे कुणाच्या खात्यात फिरताना दिसतात.

कुठे थांबायचं

खातं गोठवलं असेल, ओळख नसलेल्या माणसाचे पैसे खात्यात आले असतील, किंवा ‘चाचणी’ म्हणून कुठं ओळख पटवून बसला असाल, तर त्याच दिवशी थांबा. आलेले पैसे खर्च करू नका, कुणी सांगितलं म्हणून पुढं पाठवू नका, ‘परत करतो’ म्हणून स्वतःहून वळवूही नका. बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. काळ्या पैशाचा व्यवहार हा तिथं फौजदारी गुन्हा आहे आणि तो नकळत घडला हे पटवून द्यायला वकील लागतो. माझ्यासारख्या काकूचा यात काही उपयोग नाही, आणि व्हॉट्सॲपवरच्या सीनियरचाही नाही. अशा दोन फोनना मी पहिल्या पाच मिनिटांत एवढंच सांगितलं, वकील गाठ. अनेक विद्यापीठांत विद्यार्थी संघटना किंवा श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, फुकट किंवा नाममात्र पैशात कायद्याचा सल्ला देतात. पहिली पायरी तीच.

बाझिसकोंटोच्या पूर्ण अर्जाला दहा कामाच्या दिवसांत उत्तर नाही किंवा नकार कायद्यातल्या कारणांत बसत नाही, तर प्रकरण ‘बाफिन’कडे, म्हणजे तिथल्या बँक नियामकाकडे नेता येतं. ते एकट्यानं लिहू नका. विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी कक्ष किंवा गावातलं ग्राहक केंद्र, ‘फरब्राउखरत्सेंट्राले’, यांच्याकडून मसुदा बघून घ्या.

व्हिसाची मुदत संपत आली आणि खातं नाही म्हणून राहण्याच्या परवान्याचे कागद अडलेत, तर बँकेचा नाद तात्पुरता सोडा आणि परवाना कार्यालयाची तारीख आधी घ्या. सोबत आतापर्यंतचे सगळे नकाराचे मेल छापून न्या.

आणि मला किंवा कुणालाही मदतीसाठी विचारताना पासपोर्टचा फोटो पाठवू नका. कुठल्या रकान्यात काय लिहिलं, नकाराचं वाक्य काय आलं, आणि पत्रपेटीचा फोटो, एवढं पुरतं.